दहा सेकंदांची शांतता

३ मार्च, सोमवार

मिळाली! एकदाची खोली मिळाली. दुसरा मजला, एक खिडकी आणि भिंतीत माणूस उभा राहील एवढं कपाट. घरमालकीणबाई खाली शिवणकाम करतात. सगळी गल्ली त्यांना टेलरकाकू म्हणते, म्हणून मीही म्हणायला लागलो. दुपारी गाणी रेकॉर्ड करतो, चालेल का, असं भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांचं मशीन दिवसभर खडखडतं, माझ्या गाण्याने असं काय आभाळ कोसळणार आहे? बाई आवडल्या.

सिंथ, म्हणजे माझा कीबोर्ड, खिडकीखाली मांडला, लॅपटॉप टेबलावर, माईक कपाटात. आत रजया आणि जाड कोट टांगलेत, म्हणजे आवाज घुमत नाही. लोकांचे स्टुडिओ असतात, माझं कपाट आहे. कोटांच्या गर्दीत तोंड खुपसून अख्खा अल्बम गायचा. आठ गाणी. ड्रम मी, बेस मी, मागे गाणारी चार माणसंही मीच. कौतुक करणारा मी आणि नावं ठेवणाराही मी, त्यामुळे भांडण घरातल्या घरात राहतं.

५ मार्च, बुधवार

नोकरी सुरू झाली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायचे, सकाळी सात ते दोन. कोणी लिफ्टमध्ये अडकलं की मेकॅनिक पोचेपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं. काहीही बोला, पण त्याला एकटं वाटू देऊ नका, असं साहेबांनी बजावलंय. माझा आवाज धीर देणारा आहे म्हणे. चला, कुणाला तरी पटलं.

ताईचा फोन आला. तीस तारखेला, रविवारी, येतेय. तोवर अल्बम झाला नाही तर कान पिळीन म्हणाली. लहानपणी मी बोलायलाच उशिरा लागलो. पाच वर्षांचा होईपर्यंत माझ्या वतीने सगळ्या जगाशी ताईच भांडायची. मग बोलायच्या आधी मी गुणगुणायला लागलो आणि तिने माझं नाव भुंगा ठेवलं. ते अजून सुटलेलं नाही आणि गुणगुणणंही नाही. मला या अल्बममधून काही जग जिंकायचं नाही. ताईने तो ऐकावा आणि त्यात मला ओळखावं, एवढंच हवंय.

८ मार्च, शनिवार

पहिलं गाणं रेकॉर्ड झालं, पण मागे सतत एक बारीक घरघर. पंखा, लॅपटॉप, खालचं मशीन, काय काय असेल. यावर एक जुनी युक्ती आहे. खोली गप्प असताना दहा सेकंद नुसतीच रेकॉर्ड करायची. मग तो तुकडा सॉफ्टवेअरला दाखवून सांगायचं, हे जे आहे ना, हे नको. ते सगळ्या गाण्यातून तेवढं उचलून बाहेर टाकतं.

काकू जेवायला उठल्या, मशीन थांबलं, तेवढ्यात दहा सेकंद घेतले. तुकडा ऐकून बघायचा असतो, पण मला कुठला धीर! तसाच दिला. आणि काय सांगू, गाणं धुतल्यासारखं स्वच्छ झालं. खुर्चीवरून उठून नाचलो.

१२ मार्च, बुधवार

तीन गाणी झाली. सूर इतका नेमका लागलाय की माझाच विश्वास बसत नाही. फक्त दोन ओळींच्या मध्ये श्वास ऐकू येत नाही. घरघरीबरोबर तोही गेला असेल. श्वास परत आणायचा खूप प्रयत्न केला, घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना. शेवटी हेडफोन काढून खोलीत येरझाऱ्या घातल्या. हल्ली एका जागी बसवत नाही. बसलो की वाटतं काहीतरी राहिलंय, उठलो की आठवत नाही काय ते.

१५ मार्च, शनिवार

जिन्यात काकू भेटल्या. गावाला गेला होतास का, चार दिवसांत वर पावलं वाजली नाहीत, असं म्हणाल्या. मी म्हटलं, अहो रोज इथेच आहे. त्यांनी दोनदा काय? काय? असं विचारलं, मग स्वतःच्याच कानाला दोष देत आत गेल्या.

वर येऊन मुद्दाम पाय आपटले. जमीन पायाला लागली, टाच दुखली, आवाज आला नाही.

नक्की आला नाही का? की मीच उगाच राईचा पर्वत करतोय? पाच गाणी झालीत. थकलोय. दुसरं काही नाही.

१८ मार्च, मंगळवार

आज तो दहा सेकंदांचा तुकडा ऐकला. आधीच ऐकायला हवा होता.

पंखा आहे, लॅपटॉप आहे. आणि सगळ्यांच्या वर, अगदी माईकजवळ, मी गुणगुणतोय. मला पत्ताही नव्हता, सवयीने. मीच सॉफ्टवेअरला सांगितलं, हे जे आहे ना, हे नको.

तुकडा पुसला. सॉफ्टवेअर काढून टाकलं. नवीन टाकलं. पुन्हा गायलो. माझा श्वास नाही, ओठांचा बारीक आवाज नाही, घशाची ती खरखर नाही. तरी गाणं आहे. स्वच्छ, सुरेल. मला वजा केल्यावर हे जे उरलंय ते कोण गातंय?

उठून कपाटाचं दार लावून घेतलं.

२० मार्च, गुरुवार

सकाळी एका बाईंचा फोन आला. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकल्या होत्या, दिवे गेले होते. मी म्हटलं, घाबरू नका, मी आहे. त्या म्हणाल्या, हॅलो, कोणी आहे का? मी म्हटलं, आहे, मी आहे, माणूस निघालाय. त्या म्हणाल्या, कोणीच नाही का हो? पंचवीस मिनिटं मी ओरडत होतो आणि पंचवीस मिनिटं त्या विचारत होत्या. शेवटी नुसत्या रडत होत्या. मीही.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीने एकदासुद्धा वळून पाहिलं नाही. नंतर साहेब आले आणि माझ्या खुर्चीकडे बघून तिला म्हणाले, हा आजही आला नाही वाटतं.

मी खुर्चीतच होतो.

२२ मार्च, शनिवार

ताईला फोन केला. ती हॅलो हॅलो करत राहिली. मी ठेवणार, तेवढ्यात लॅपटॉपच्या स्पीकरमधून आवाज आला. माझा. म्हणजे माझ्यासारखा. ताई, बोल ना, म्हणाला.

आणि ताई बोलायला लागली. आईच्या गुडघ्याबद्दल, तिकिटाबद्दल. तो हसला. माझ्यापेक्षा छान हसला. ताई म्हणाली, आज किती स्पष्ट बोलतोयस रे.

मी फोन कापला. तरी ते दोघं बोलत राहिले.

२४ मार्च, सोमवार

मेसेज पाठवले. अकरा. ताईचं उत्तर, कोरे मेसेज काय पाठवतोस वेड्या.

तिच्याकडेच जायला निघालो. बस थांब्यावर तीन बस आल्या. दार उघडलं, मी पाय टाकायच्या आत मिटलं. तिन्ही वेळा. चालकाने आरशात बघितलंही होतं. पंख्याचा आवाज आपण ऐकून न ऐकल्यासारखा करतो ना, तसं.

गाणी सात झालीत. मी तर सहा दिवसांपूर्वीच थांबलोय, पाचवर.

२६ मार्च, बुधवार

काकू वर आल्या. दार उघडं होतं. त्यांनी कपाटाकडे तोंड करून जेवणाचं विचारलं. आतून त्याने नको म्हटलं, गोड आवाजात. त्या माझ्या पायावर पाय देऊन गेल्या. मी ओरडलो.

काहीच नाही.

लॅपटॉपची वायर उपटली. बॅटरी काढली. माईक तोडला. कपाट गातंय.

२८ मार्च, शुक्रवार

वही आहे. रोज हीत लिहितोय, पण हिचं सुचलंच नव्हतं. मेसेज जात नाही, आवाज जात नाही, पण शाई कागदावर दिसते, मागच्या पानावर दाबलेलं उमटतं. हे कोण पुसणार. ताई आली की वही तिच्या हातात. तिने वाचायचं, बस. तिला माझं अक्षर कळतं. तिनेच गिरवून घेतलंय.

दोन दिवस. झोप नाही. बसवत नाही. उभं राहवत नाही. लिहीत राहायचं —

२९ मार्च

आठवं झालं. त्याने गायलं. चाल माझी होती, कुणालाच ऐकवली नव्हती —

उद्या ताई. उद्या.

३० मार्च, रविवार

आली. खाली काकूंशी हसतेय. जिन्यात —

दार मी उघडलं. ती म्हणाली, दार सताड उघडं टाकून बसतो, वेंधळा. आणि माझ्या बाजूने आत.

त्याने कपाटातून सांगितलं, बस ताई, एक ओळ राहिलीय, आलोच. ती बसली. गाणी लागली. आठही. ती रडली. म्हणाली, आता कसा मोकळा गातोस, हाच माझा भाऊ.

वही मांडीवर ठेवली. तिने उघडली. पानं उलटली, सगळी. मी तिच्या डोळ्यांकडेच बघत होतो. एकाही ओळीवर थांबले नाहीत.

म्हणाली, एवढी सुंदर वही आणि एक अक्षर नाही. थांब, गाण्यांची नावं सांग, एका पानावर एक, मोठ्या अक्षरात लिहून देते, कव्हरवर घाल.

तो सांगतोय. ती लिहितेय. पहिलं पान. तिचं अक्षर जिथून जातं तिथे माझं —

खालून माझं काहीच उरत नाही. मी हे शेवटचं पान धरून, तिच्या हाताखालूनच —

सहा झाली. सात.

आठवं. उलटतेय. विचारतेय, आणि गाणाऱ्याचं नाव कुठे घालू. तो म्हणतोय शेवटच्या पानावर. नाव सांगतोय. ताई ते माझं आहे. ताई हे पान नको, इथे मी