विटकरी जर्सीची टीम

बाबा, तुमची नात केंब्रिजची नोकरी सोडून बेल्जियमला निघाली आहे, सायकल चालवायला. तिथे बायकांची एक नवी प्रोफेशनल टीम उभी राहते आहे आणि त्यांनी हिला बोलावलं आहे. शनिवारी इथे लंडनला, पिनरच्या आपल्याच स्वयंपाकघरात तिने हे सांगितलं. मी कणीक मळत होते, हात परातीतच राहिले. "आई, तू ओके म्हण ना, मग मी साइन करते," ती म्हणाली. "तू नाही म्हणालीस तर नाही जाणार, प्रॉमिस." असं म्हटल्यावर भांडायची सोय तरी कुठे राहते!

म्हणून मी तिला तुमच्या टीमची गोष्ट सांगितली. चक्क घाबरवायला सांगितली. तीही बेल्जियमचीच, दोन सीझन टिकलेली, आज कुणाला आठवतही नाही. फरश्या बनवणारी एक कंपनी तिचा खर्च करायची, म्हणून जर्सी विटकरी. त्यांचा मॅनेजर इकडच्या एका रेसला आला असताना घसरून पडला आणि मनगट मोडून हॉस्पिटलात तुमच्यासमोर येऊन बसला. प्लास्टर वाळेपर्यंत तुमची त्याच्याशी अशी गट्टी जमली की पुढच्या वसंतात तुम्ही त्या टीमचे डॉक्टर. सगळी रजा तिकडे, ती संपल्यावर बिनपगारी. आई म्हणायची, "अहो, लोक सुट्टीत पुण्याला जातात. तुम्ही त्या फ्लँडर्सच्या चिखलात काय शोधता?"

रायडर रेसमध्ये सायकलवरच भाताच्या गोड वड्या खातात, फॉइलमध्ये गुंडाळलेल्या. त्यांचा भात तुम्हाला मिळमिळीत वाटला, तेव्हा तुम्ही इथे नारळीभात केलात, ताटात थापलात, वड्या पाडल्यात आणि फेरीबोटीने घेऊन गेलात. लवंगा काढायच्या मात्र राहिल्या. दगडी चढावर एकाच्या दाताखाली आख्खी लवंग आली आणि तो खोकत खोकत गटारातच जायचा बाकी होता. मॅनेजरने सगळ्यांदेखत तुमची खरडपट्टी काढली. पुढच्या खेपेला आपण दोघं टेबलाशी बसून भातातून लवंगा वेचतोय, तुम्ही त्या खोकल्याची नक्कल करताय, आणि हसून हसून तुमचा चष्मा नाकावरून घसरतोय. तुम्हाला इतकं खूश मी नंतर कधी पाहिलं नाही.

दुसऱ्या सीझनच्या शेवटी कंपनीने हात काढून घेतला. हॉटेलात नाश्त्याच्या टेबलावर पोरांना कळलं की टीम संपली. कुणाचं लग्न ठरलेलं, कुणी शिक्षण सोडून आलेलं. तुम्ही घरी आलात आणि नुसते चहाचा कप धरून बसलात. मी तेव्हा ए-लेव्हलला, शाळेच्या शेवटच्या वर्षाला, स्वतःला फार शहाणी समजणारी. "बाबा, यातून तुम्हाला मिळालं काय?" असं विचारलं, तर कधी आवाज न चढवणारे तुम्ही केवढ्यांदा म्हणालात, "प्रत्येक गोष्टीत तुला शेवटच आधी कसा दिसतो गं?" मला फार लागलं होतं ते. खरं म्हणजे अजून लागतं.

पोरीने सगळं ऐकून घेतलं. "सो टीम बंद झाला तर झाला, आई. मी घरी येईन. आजोबा पण आले ना?" मग म्हणाली, "पण आजोबा तिकडे एक्झॅक्टली करायचे काय?"

तेव्हा मी तिला ती पावसातली रेस सांगितली. तुमचा एक रायडर डोक्यावर आपटला, पण लगेच उठून सायकल मागायला लागला. मागच्या गाडीतून मॅनेजर ओरडतोय, बसवा त्याला, बसवा. तुम्ही उतरलात आणि त्याला विचारलंत, आपण कुठल्या गावात आहोत? त्याने स्वतःच्या गावाचं नाव सांगितलं. तुम्ही त्याच्या सायकलचं हँडल जे धरलंत ते सोडलंच नाहीत. मॅनेजरने शिव्या दिल्या, पोरगा रडला, तुम्ही ढिम्म.

हे सांगता सांगता मला उमगलं. बाबा, टीम बंद पडायची भीती मला नव्हतीच. टीम बंद पडली तर पोर घरी येते. पण ती पडली, उठली आणि सायकल मागायला लागली, तर हँडल कोण धरणार? मी विचारलं, "तुमच्या टीमला डॉक्टर आहे का गं?" ती म्हणाली, "असेल की. वेबसाइटवर स्टाफचं पेज अजून अपडेट नाहीये." आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला नाही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "जा."

तिने तिथेच सही केली. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. फोन वाजला की आधी ती पडली असंच वाटतं, आणि अजून तर ती गेलेलीसुद्धा नाही. सगळे म्हणतात, किती धीराची आई आहेस. हे पत्र कुठे पाठवणार म्हणा, पण तुम्हाला सांगते, धीरबीर काही नव्हता. "जा" म्हणाले तेव्हा मनात आलं होतं, बाबा आहेत ना तिच्याबरोबर. तुम्ही गेलात, हेच मी विसरले होते.