दप्तराला घातलेली टीप

तात्या, आज मी स्वतःसाठी एक बाराबंदी शिवून पुरी केली. बगलेत कुठे ओढत नाही, गळा नीट बसतो. घरात सगळ्यांना दाखवून झाली तरी माझं समाधान होईना, दाखवायची ती तुम्हांलाच राहिली. तुम्हांला जाऊन बारा वर्षं झाली हे खरं; पण आनंद झाला की तुमचीच आठवण येते, त्याला मी काय करू?

हे वेड लागलं ते ताईच्या लग्नात. लग्नाचं कापड घराबाहेर जायचं नाही म्हणून शिंपी आपल्या ओटीवर बसून शिवायचा. मी तेव्हा ठाण्याच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार, आणि तुम्ही तिथलेच अव्वल कारकून; बापलेक एकाच कचेरीत. संध्याकाळी शिंप्यापाशी बसता बसता मी सुई हातात घेतली, आणि वऱ्हाड निघून गेलं तरी ती सुटेना. पहाटे उठून शिवायचो, जेवतानाही मांडीवर कापड असायचं. मान अवघडली, डोळे लाल झाले, अंगात तापाची कसर राहू लागली. आई म्हणायची, "अरे, लग्न ताईचं झालं, तू का वाळतोयस?" आळीतले लोक मला शिंपीबुवा म्हणू लागले, आणि गंमत म्हणजे मला त्याचा रागही येईना! तुम्ही मात्र गप्प होतात. मला कायम करायचं की घरी पाठवायचं हे त्याच महिन्यात ठरायचं होतं, त्यामुळे तुमच्या गप्प राहण्याची मला फार धास्ती वाटायची.

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. मामलेदारसाहेब जमाबंदीच्या दप्तरात एक कागद घालू बघताहेत. कचेरीची रीत अशी, की कागद दाभणाने दोन सैल टाक्यांत शिवायचे, म्हणजे मागाहून आलेला कागद आत सरकवता येतो. मी पेंगत पेंगत वरपासून खालपर्यंत दाट उलटी टीप घातलेली, आणि शेवटी दुहेरी गाठ. साहेब ओढताहेत, कागद हलत नाही. "अहो, हे दप्तर आहे की सदरा? बाह्या कुठे आहेत?" सगळी कचेरी हसते आहे आणि मी घामाघूम. संपली उमेदवारी, असंच मी धरून चाललो. तेवढ्यात तुम्ही उठलात, दप्तर घेऊन मांडी घालून बसलात, आणि एकेक टाका नखाने उचलून असा उसवलात, की एकही कागद फाटला नाही. सरावाशिवाय बोटं अशी चालत नाहीत, तात्या. मी बघतच राहिलो. मग साहेबांना म्हणालात, "मुलगा कामाचा आहे. झोप कमी पडते. ते मी बघतो."

कचेरी सुटल्यावर तुम्ही मला घरी न नेता कोपरीच्या खाडीकडे घेऊन गेलात. आता सुई खाडीत टाकायला सांगणार, असं मला वाटत होतं. तुम्ही म्हणालात, "मीही शिवायचो. मुंजीच्या आधीपासून. कचेरीत लागलो आणि सोडलं, लोक काय म्हणतील म्हणून." मग म्हणालात, "तेव्हापासून घरी आलो की मी चिडलेला असतो, तुझ्या आईला विचार. तू सोडू नकोस. पण रोज एकच तास, आणि तोही उजेड असेपर्यंत. आधी काही खायचं, खाडीपर्यंत पाय मोकळे करायचे, मग सुई. आणि सरकारी कागदांवर कला दाखवायची नाही!" मी इतक्या मोठ्यांदा हसलो, की मिठागरांवरून परतणाऱ्या बायका थांबून बघू लागल्या. तुम्हीही हसलात. तुम्हांला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात मी कायम झालो. त्या तासाला तुम्ही शेजारी बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचात आणि मी शिवायचो. किती सुखाचे दिवस होते ते! तो तास मी अजून पाळतो. मान ताठ आहे, डोळे शाबूत आहेत. कचेरीत कोणी डोकं उठवलं तरी संध्याकाळी आपल्याला शिवायचं आहे एवढ्यावर दिवस निभावतो.

एक सांगायचं राहिलंय. पेन्शन घेतल्यानंतर एकदा तुम्ही वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणालात, "दे बघू इकडे, थोडं मी शिवतो." माझ्या हातात चांगली मलमल होती. मी म्हणालो, "राहू द्या तात्या, बिघडेल." तुम्ही "बरं" म्हणून पुन्हा वाचायला लागलात, आणि नंतर कधी मागितलं नाहीत. मलमल बिघडली असती तर दुसरी मिळाली असती. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, आणि हे पत्र तरी कुठल्या पत्त्यावर टाकू? तुम्ही मला रोजचा एक तास दिलात, तात्या, आणि मी तुम्हांला एक टाकासुद्धा घालू दिला नाही.