अम्मीची तलवार

हम्माद बेटा, सलाम.

तुझा साठ तास खेळून सेव्ह केलेला जपानी गेम मी डिलीट केला. माफी मागणार नाही.

तू टोरांटोला गेल्यावर, तुझे बाबा दुबईच्या ट्रॅफिकमध्ये अडकले असताना, एका संध्याकाळी सहज लावला. राक्षसांशी लढणारी तुझी टोळी दिसली. नावं तूच दिलेली: तू, तुझे दोन मित्र आणि चौथी 'अम्मी'. तुम्ही तिघं लढत होता. अम्मी साठही तास मुक्कामाच्या सरायमध्ये सूप ढवळत होती.

हा गेम बनवणारी कंपनी आठच माणसांची आहे, मी वाचलं. त्या आठ जणांनी अम्मीलाही तलवार उचलता येईल अशी सोय ठेवली होती. तूच कधी तिच्या हातात दिली नाहीस.

मग खलास! मी नवा गेम सुरू केला. जुना पुसला जाईल, चालेल का, असं त्याने दोनदा विचारलं. मी दोनदा 'यस' दाबलं.

'गेम विकून टाक, तुला काय कळणार त्यातलं,' जाताना म्हणालास ना? काल सगळ्यात मोठा राक्षस मी पाडला.

हे पत्र पाठवणार नाही. फोनवर नेहमीसारखं 'जेवलास का?' एवढंच विचारेन.

माझ्या टोळीतही एक हम्माद आहे. गुणी मुलगा आहे. सूप छान करतो.

शहनाझ