खालून पाहिलेला बोर्ड

४ मार्च
शिमग्याला मुलगा अनंत मुंबईहून आलाय. पालखी दारात येऊन गेली, नारळ झाला, पण त्याचं सगळं लक्ष माझ्या कमरेच्या चावीवर. दुकानाचा गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या कुणाला द्यायचा घाट आहे. रेडिओ-टीव्ही कोणी दुरुस्तीला आणत नाही हे मलाही दिसतं. म्हणून लगेच चावी काढून द्यायची?
सून सायली म्हणते, थांबा. ती इथल्या पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. एक छोटा बिनतारी बोर्ड बनवतेय, मशीनशिवाय नुसत्या हाताने सोल्डर करता येईल असा. तो चालला तर गाळ्यातच वर्ग भरवायचा, ती आणि मी मिळून.
अनंत म्हणाला, "चालला तर." त्याचा सूर मला आवडला नाही.

६ मार्च
अनंत गेला. जाण्याआधी स्वयंपाकघरात दोघांची कुजबुज. मी पाणी प्यायला आत गेलो तर बोलणं एकदम कुळथाच्या पिठल्यावर आलं. ते तर आमच्याकडे सदाचंच. त्यात कुजबुजण्यासारखं काय?
संध्याकाळी सायलीने मला काम दिलंन. बाजारातून आणलेल्या वायरलेस तुकड्यासोबतचा कागद भलत्याच मालाचा निघाला. तुकडा म्हणजे टपाल तिकिटाएवढी पट्टी, वर पत्र्याचं झाकण, कडेला अर्ध्या भोकांचे दात. कुठला दात कशाचा ते मीटर लावून शोधायचं, मापं घ्यायची, चित्र काढून द्यायचं. म्हणते, "बाबा, तुमच्या मापावर माझा जास्त विश्वास."
एवढं गोड कशाला? माझी नजर तपासायची आहे की काय. मी नववीपर्यंत शिकलेला, हिच्याकडे डिग्री.

८ मार्च
चित्र दिलं. भिंगाखाली पुन्हा पुन्हा पाहून दिलं. तिने लगेच संगणकावर बोर्ड मांडलान. सोल्डरच्या टिकल्या चांगल्या लांबरुंद, प्रत्येकीला आरपार भोक, दोन्ही अंगांना तांबं. इतक्या मोठ्या कशाला, विचारलं. तर म्हणे, शिकणाऱ्यांचा हात थरथरतो. तेव्हा माझ्या हाताकडे पाहिलंन नाही. मुद्दामच नाही पाहिलंन.
अँटेनाचं टोक बोर्डाच्या बाहेर काढ, खाली तांबं नको, असं मी सांगितलं. तेवढं ऐकलंन.
बोर्ड छापायला दिले अनंतच्या मित्रामार्फत. अनंतच्याच का?

११ मार्च
बिनतारी वस्तू घरात पडलेली. जी पाठवते ती ऐकतही असणार. सायली म्हणते त्याला वीजच जोडलेली नाही. असेल. तरी झोपताना स्टीलच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं. पत्र्यातून लहरी जात नाहीत, एवढं मला कळतं.
सकाळी तिने घर पालथं घातलंन. मग आतून आवाज, "बाबा, चकल्यांच्या डब्यात हे कसं आलं?" मी पेपर वाचत होतो.

२३ मार्च
बोर्ड आले. दिसायला सुबक. गाळ्यात बसून तुकडा मीच सोल्डर केला. हात एकदाच हलला. सायली शेजारी उभी होती, तिला दिसलं असणार.
वीज दिली. बोर्डावरचा दिवा लागला नाही. झाकण तापलं, बोट ठेववेना, मग करपल्याचा वास. तुकडा गेला.
मी म्हटलं, छापणाऱ्याने घोळ घातलाय, नाहीतर घालायला लावलाय. ती माझं चित्र आणि बोर्ड आळीपाळीने पाहत राहिली. "बघते," एवढंच.

२४ मार्च
सायली अनंतशी फोनवर. मी पडवीत होतो, कानावर पडलं. "माझीच चूक झाली रे. बाबांचं चित्र मी नीट वाचलं नाही."
इतक्या पटकन कोणी चूक कबूल करतं? तिच्या मनात काहीतरी आहे. दोघांचं ठरलेलंच असेल, बोर्ड बिघडवायचा आणि गाळा मोकळा करायचा. नंतर म्हणाली, अनंत मेमध्ये येऊन गाळ्याचं उरकायचं म्हणतोय.

२६ मार्च
दुपारी गाळ्यात एकटा. जळका बोर्ड सवयीने पालथा करून भिंगाखाली धरला. जुन्या रेडिओत सामान वर, सोल्डर खाली. मी जन्मभर खालूनच वाचत आलो. वरून डाव्या-उजव्याची अदलाबदल, खालून बघतो तर दात न दात जागच्या जागी. डावं डावीकडे, उजवं उजवीकडे.
म्हणजे छापणाऱ्याने नाही. म्हणजे चित्र काढतानाही मी तुकडा पालथा घालूनच…
चहाला टपरीवर गेलो नाही.

२७ मार्च
भोकं आरपार होती म्हणून निभावलं. सायलीने प्रोग्राम भरून ठेवलेला दुसरा तुकडा कोऱ्या बोर्डाच्या खालच्या अंगाला लावला. शटर अर्धं खाली ओढून. वीज दिली, दिवा लागला.
तिला बोलावलं. स्कूटरवरून तशीच आली. तिच्या फोनवर बोर्डाने पाठवलेला गाळ्यातल्या उष्णतेचा आकडा दिसायला लागला. मग मी चावी धरतो तसा तिने बोर्ड किती वेळ हातात धरलान.
"खालून का लावलात?"
"सुचलं."
"बरं झालं सुचलं," म्हणाली आणि हसली. ते हसणं कसलं ते मला ठरवता आलेलं नाही.
अनंतला कळवलंन. तो म्हणे, जुगाड आहे, मेमध्ये स्वतः पाहीन.

१० एप्रिल
सुधारलेले बोर्ड आले. दोन्ही अंगांना पांढरी अक्षरं छापून घेतलीन. एका बाजूला 'वरून', दुसऱ्या बाजूला 'खालून'. ठळक, मला भिंगाशिवाय वाचता येतील एवढी.
हे कोणासाठी, विचारलं.
"विद्यार्थ्यांसाठी, बाबा."
विद्यार्थी अजून एकही आलेला नाही.
अनंत येईल, चावी मागेल. चूक हिची नव्हती हे सांगितलं तर तो म्हणेल, बघा, म्हणूनच म्हणतो. नाही सांगितलं तर हिच्या माथी राहणार. आणि हिला माहीत असेल तर ही बोलत का नाही?
चावी कमरेलाच आहे. पहिला बोर्ड सोल्डर करायला घेतला. 'वरून' वर ठेवलं. मग उलटा करून पाहिला. मग पुन्हा सुलटा.