नकाशातले तीन पलंग

प्रिय आर्गिरो,

ऑलिव्ह उतरवायला सुरुवात झालीय, गुडघे कुरकुरतायत, बाकी ठीक. पण घरात काहीतरी शिजतंय. तुझा भाऊ थोदोरिस आणि वहिनी रूला मी आत आले की गप्प होतात. रूला तर हल्ली मागायच्या आत कॉफी आणून देते. एवढा गोडवा फुकट नसतो, बाई.

महिन्यापूर्वी थोदोरिसने वरच्या मजल्याचा नकाशा पुढ्यात टाकला. "आई, सही कर." तुझ्या बाबांनी गच्चीवर लोखंडी सळ्या उभ्या सोडल्या त्या तुझ्या मजल्यासाठी, लेकीला लग्नात मजला द्यायची आपली रीतच. तू मिल्तोसचा हात धरून अथेन्सला गेलीस, सळ्या गंजत राहिल्या. मग आत्ताच कसली घाई? "घर मोठं दिसेल," म्हणाला. खोटं बोलताना त्याचे कान अजून लाल होतात. गच्ची माझ्या नावावर आहे, मीही सही लांबवली.

आधी वाटलं, मलाच वर धाडून हे खाली ऐसपैस राहणार. रूलाला तोंडावर विचारलं. "सासूबाई, बावीस पायऱ्या तुम्ही चढाल, की मी तुम्हाला पाठुंगळी घेऊ?" म्हणाली. मग वाटलं, पर्यटकांना खोल्या देणार. इंजिनिअरने एकेकट्याचे तीन पलंग काढलेत, दुसरं काय समजायचं? पण पर्यटकांना एवढं मोठं स्वयंपाकघर कोण देतं? काल चष्मा लावून पुन्हा पाहिलं. दोन पलंग एका खोलीत, एक दुसरीत. जोडप्याचा पलंग कुठेच नाही. दोन लेकरं आणि एक बाई. म्हणजे तू आणि तुझी दोघं मुलं.

गेल्या ईस्टरला तू भरल्या ताटावर रडलीस, तेव्हा मी म्हणाले होते, "भांड्याला भांडं लागतंच. परत यायचा विचारही करू नकोस, गाव काय म्हणेल?" म्हणूनच ना तुम्ही तिघांनी हे माझ्यापासून लपवलंत? मिल्तोसला सोडताना तुला भीती वाटली ती माझी, हे फार लागलं गं. चूक माझीच होती. आज सकाळी सही करून टाकली. पण मजला उभा राहायला वर्ष जाईल, तोवर तिथे थांबू नकोस. माझी खोली मी रिकामी केलीय. मुलांचे शाळेचे दाखले काढ आणि मिळेल त्या बसने ये.

तुझीच, उशिरा शहाणी झालेली,
आई