तक्रारदाराचं नाव

प्रिय दादा,

नाही, आधी माझं ऐक. अकरा दिवस झाले तरी तुझी तक्रार मिटत कशी नाही, हे तू काल तिसऱ्यांदा फोन करून विचारलंस. सख्खी बहीण पालिकेच्या त्याच कचरा खात्यात असून काय उपयोग, असंही म्हणालास. मी 'बघते' म्हटलं आणि फोन ठेवला. आता सांगते.

तक्रारीसोबतचा फोटो तू चांगला काढला होतास. पुलाचा खांब, खाली ढीग, पोती, फुटलेलं सिंक, वर उताणी पडलेली गादी. खाली लिहिलं होतंस की रोज ऑफिसला जाताना नाक दाबावं लागतं, असल्या लोकांना लाज कशी वाटत नाही, नावं शोधा आणि दंड करा. बरोबरच आहे. आमचं काम तेच. ढीग उचलायच्या आधी आम्ही हातमोजे घालून एकेक पोतं उपसतो आणि पत्ता असलेला कागद शोधतो. एकाने भागत नाही, तो वाऱ्याने उडून आला म्हणतात. एकाच पत्त्याचे दोन मिळाले की नाव लिहायचं. मिळतातच. लोक गाडीचा नंबर झाकतात आणि पोत्यात लाइटबिल ठेवून जातात.

पहिला कागद मलाच मिळाला. डोळ्यांच्या दवाखान्याची फाइल, आईच्या नावाची, पत्ता तुझ्या घरचा. मला काहीच वाटलं नाही, खरं सांगते. पिशवीत घातली, वर नंबर टाकला. मग गादीकडे पाहिलं. निळ्या चौकड्या, कोपऱ्यात इस्त्रीचा डाग. शाळेचा शर्ट तू गादीवरच इस्त्री करायला गेला होतास आणि मार मी खाल्ला होता. गेल्या महिन्यात तू फोनवर म्हणालास, आईच्या खोलीला हात लावलेला नाही, कुलूप आहे, ये सवडीने. ती गेल्यापासून आठ महिने मला सवड झाली नाही, हेही आहेच.

दुसरा कागद आमच्या ड्रायव्हरकाकांना मिळाला. मी हॉस्टेलवरून आईला लिहिलेलं पत्र, पाकिटासकट, वर तोच पत्ता. तिला फोनवर ऐकू यायचं नाही म्हणून दर आठवड्याला लिहायचे ना, त्यातलं एक. काका माझे रिपोर्ट रोज ऑफिसात पोचवतात. पाकीट बघून म्हणाले, "पोरी, हे अक्षर तुझं आहे." मी हो म्हटलं. त्यांनी पाकीट माझ्यापुढे धरलं आणि स्वतः पुलाकडे बघत उभे राहिले. म्हणजे खिशात घाल, मी काही पाहिलं नाही. घातलं. तेव्हापासून ते माझ्या टेबलाच्या खणात होतं. म्हणून मिटत नव्हती तुझी तक्रार.

तू सामान टेम्पोवाल्याला दिलं असशील आणि तो डेपोत टाकतो म्हणाला असेल. सगळे हेच सांगतात, बहुतेकांचं खरंही असतं. फोटोत गादी तू ओळखली नाहीस, तेही खरं असणार. मी एकदा ठरवून चिडायला बसले. जमलं नाही. जेवले, भांडी घासली, झोपले. झोपही लागली.

आज सकाळी दुसरा कागद फाइलला लावला. नोटीस परवा येईल, घेऊन दुसरं कुणीतरी येईल. ती वाचून तुला वाटेल टायपिंगची चूक झालीय, आणि तू मलाच फोन करशील. म्हणून हे लिहिलं. चूक नाही. तक्रारदार आणि कचरा टाकणारा, दोन्ही रकान्यांत तुझंच नाव आहे. मी लिहिलंय. आत्ता तुझ्याच जिन्यात बसलेय. आतून तुझा आवाज येतोय, पार्किंगवरून कुणाला तरी झापतोयस. तुझं बोलणं संपायच्या आत हे दाराखालून सरकवते. बेल वाजवत नाही. खाली काकांनी गाडी चालूच ठेवलीय.

तुझीच,
बारकी