पसार होण्याचा इंग्रजी शब्द

४ मार्च
“जरा खाली जाऊन येते.” ताई एवढंच म्हणाली आणि गेली ती गेलीच. बाबांनी ठरवलेलं लग्न तिला नको होतं. वीस वर्षं होतील. कुणाला न सांगता पळाली म्हणून मी आजवर तिच्याशी धड बोललेले नाही.

आणि आज इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या ऑफिसात नेमका माझ्या वाट्याला शब्द आला – ॲब्स्क्वॉच्युलेट. क्रियापद. स्पेलिंग तीनदा लिहिलं, तिन्ही वेगळी! अर्थ लिहिला: ‘कोणालाही न सांगता पसार होणे.’ उदाहरण: ‘माझी बहीण –’ खोडलं.

५ मार्च
आमच्या मुख्य संपादकांचा नियम: लिहिलेला अर्थ घरी नेऊन इंग्रजी न येणाऱ्या माणसाला ऐकवायचा. त्याला शब्द नीट वापरता आला तर अर्थ पास. माझी परीक्षक आई.

तिने शब्द चारदा म्हणवून घेतला. “मोरी तुंबल्यासारखं वाटतंय गं.” नवरा पेपरामागून म्हणाला, “एवढं सगळं म्हणेपर्यंत पळणारा सापडेल.”

७ मार्च
आईला शब्द चढलाय. प्लंबर नळ उघडा टाकून ॲब्स्क्वॉच्युलेट झाला. भांडी घासायची वेळ झाली की जावईबापू ॲब्स्क्वॉच्युलेट होतात. जावईबापू फुगून बसलेत. भांडी मात्र घासली.

९ मार्च
शेजारच्या वहिनी आल्या होत्या. “थोरली काय करते हल्ली?” आई नेहमीसारखी “असते परगावी” म्हणणार, तेवढ्यात मीच तिरकसपणे म्हटलं, “ती ना, ॲब्स्क्वॉच्युलेट झालीय.”

“अगंबाई, हुशारच होती. किती वर्षांचा कोर्स असतो?”

मला हसू आवरेना. आई हसली नाही. कपबशा उचलून आत गेली, चहा संपायच्या आधीच.

१० मार्च
सकाळी भाजी निवडताना आई म्हणाली, “तुझा तो अर्थ परत वाच.”

वाचला.

“कोणालाही न सांगता?”

“हो.”

“मग थोरलीला तो शब्द लावू नकोस. मला सांगून गेली ती. मीच म्हटलं, जा. गाडीत खायला डबा मीच दिला.”

मी देठं भाजीत टाकत होते आणि पानं कचऱ्यात. “मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुझ्या बाबांना कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. तिनेच बजावलं होतं, आई, तू यात नाहीस. पुढे ते गेले. तोवर मला गप्प बसायची सवय झाली होती.” मग माझ्या हातातली जुडी काढून घेतली. “सोड. तुला नाही जमत.”

११ मार्च
अर्थ पास झाला. उदाहरणात प्लंबर घेतला.

ताईला मेसेज केला: ‘आईने सांगितलं. मला माहीत नव्हतं गं. राहायला ये ना.’

नाही म्हणेल. तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.